ब्रेकचा आवाज दुरुस्तीनंतरही परत येतोय? आधी तो नेमका कधी येतो ते बघा

दिवाळीच्या सुट्टीत चाळीसगावला निघालो होतो. कन्नडचा औट्रम घाट उतरताना पुढच्या डाव्या चाकातून पहिल्यांदा बारीक ‘चीं’ आलं. मागच्या सीटवर आई आणि दोन्ही लेकरं होती. त्या दिवसापासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत तीन वेळा ब्रेकचं काम केलं आणि तीनही वेळा आवाज परत आला.

पहिल्यांदा गॅरेजवाल्यानं पॅड, म्हणजे डिस्कवर घासून चाक थांबवणारे तुकडे, काढून पॉलिश पेपरवर घासले. पंधरा दिवस गाडी शांत होती. दुसऱ्यांदा नवे पॅड टाकले, दीड महिना बरा गेला. तिसऱ्यांदा दुसऱ्या गॅरेजात गेलो. तिथं कॅलिपरच्या (पॅड आवळणाऱ्या भागाच्या) पिनांना ग्रीस लावलं, तर तीन महिने काहीच आवाज नाही. मग उन्हाळ्यात तोच आवाज परत आला. या वेळी ब्रेक दाबला की स्टेअरिंगही एका बाजूला ओढायला लागलं, तेव्हा मात्र मी घाटात गाडी घालायची बंद केली.

खरं कारण सापडलं ते संभाजीनगरला एका जुन्या मिस्त्रींकडं. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांनी पाना हातात घ्यायच्या आधी मला विचारलं, “सर, आवाज कवा यायलाय? सकाळी, का घाटात? ब्रेक दाबल्यावर, का नुसती चालताना? रिव्हर्सला येतो का?” मला एकाही प्रश्नाचं नीट उत्तर देता आलं नाही. आठ महिने तो आवाज ऐकत होतो, पण कधी येतो याकडं लक्षच दिलं नव्हतं. आधीच्या दोन्ही गॅरेजात हे कुणी विचारलंही नव्हतं. म्हणून त्यांच्याच प्रश्नांच्या क्रमानं हे लिहितोय. तुमचा आवाज यातल्या कशाशी जुळतो ते बघा.

आवाज होतो कसा

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या गाड्यांना पुढं डिस्क ब्रेक असतात आणि मागं ड्रम. चाकाबरोबर बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, डिस्क फिरते. ब्रेक दाबला की कॅलिपरमधला पिस्टन दोन पॅड त्या डिस्कवर दोन्ही बाजूंनी आवळतो. घर्षणात पॅड क्षणभर पकडतो, सुटतो, परत पकडतो. हे सेकंदाला हजारो वेळा होतं. या थरथरीला कुठं आधार मिळाला नाही की डिस्क घंटेसारखी वाजते. तोच आपला ‘चीं’. ही थरथर दाबून धरायला पॅडच्या पाठीवर पातळ पत्र्याचे शिम असतात, पॅड घट्ट बसवणाऱ्या क्लिपा असतात आणि पिनांना ग्रीस असतं. पॅड बदलताना जुने शिम फेकून दिले किंवा गंजलेल्या क्लिपा तशाच परत लावल्या, तर कितीही चांगल्या कंपनीचे पॅड असले तरी ते वाजतात.

हलका ब्रेक लावला की आवाज जास्त आणि जोरात दाबला की कमी, असंही बऱ्याचदा होतं, कारण जोराच्या दाबाखाली पॅडला थरथरायला जागा राहत नाही. त्यामुळं जोरात दाबल्यावर आवाज थांबला म्हणजे ब्रेक बरा आहे, असं धरू नका.

फक्त सकाळी येतो आणि जातो

रात्री दव पडलं, पाऊस झाला किंवा संध्याकाळी गाडी धुऊन उभी केली, की सकाळपर्यंत डिस्कवर गंजाचा पातळ थर धरतो. बीड लोखंडच आहे, त्याला तेवढं पाणी पुरतं. पहिल्या चार-पाच ब्रेकमध्ये पॅड तो थर खरवडून काढतात आणि आवाज जातो. याची काळजी करू नका आणि यासाठी पैसेही घालवू नका.

पावसाळ्यात मागच्या ड्रमचा एक वेगळा प्रकार होतो. ओल्या गाडीला हँडब्रेक ओढून दोन-तीन दिवस उभी ठेवली, तर आतले लायनर (ड्रमला आतून घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्या) गंजानं ड्रमला चिकटतात. निघताना ‘ठक्’ असा आवाज होऊन चाक सुटतं. सपाट जागा असेल तर गाडी गिअरमध्ये टाकून चाकाला दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा.

शेतातून आल्यावर सुरू झाला

आपल्या काळ्या मातीचा गुण सगळ्यांना माहीत आहे. ओली असताना चाकाला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की दगडासारखी होते. जून-जुलैत शेतरस्त्यानं गाडी नेली तर ती माती रिमच्या आत, कॅलिपरच्या खाचांमध्ये आणि ड्रमच्या कडेला जाऊन बसते. वाळल्यावर पॅड त्या खाचेत मागंपुढं सरकत नाही. मग नुसता आवाजच येत नाही, पॅड डिस्कला घासत राहतो. शेतातून घरी आल्यावर ती माती ओली असतानाच साध्या पाण्याच्या पाइपानं रिमच्या आतून धुवा. मग शंभर-दोनशे मीटर गाडी हळू चालवत हलके ब्रेक दाबत न्या, म्हणजे ब्रेक वाळतील. डिस्क तापलेली असेल तर आधी निवू द्या, तापल्या बिडावर थंड पाणी ओतायचं नाही.

मुरमाच्या किंवा खडीच्या रस्त्यावरून आल्यावर अचानक ‘खर्रर्र’ सुरू झालं, ब्रेक दाबला काय आणि सोडला काय, आवाज तोच, तर बहुतेक वेळा डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या झाकणात खडा अडकलेला असतो. मोकळ्या जागेत गाडी हळूहळू चार-पाच वेळा मागंपुढं केली की खडा पडतो. नाही पडला तर गॅरेजात दहा मिनिटांचं काम आहे. हा आवाज ऐकून घाबरायला होतं, पण धोका फारसा नसतो. खडा तसाच राहू दिला तर मात्र डिस्कवर गोल चरे पडतात.

नुसती गाडी चालतानाही ‘चीं’

हा आवाज मुद्दाम तुमच्यासाठी बसवलेला असतो. बऱ्याच पॅडना कडेला पत्र्याची छोटी जीभ असते. पॅड झिजून दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि ओरडायला लागते. गाडी नुसती चालतानाही आवाज येतो आणि पुष्कळदा ब्रेक दाबला की थांबतो. इथं लोकांची फसगत होते. ब्रेक दाबल्यावर आवाज जातो, म्हणजे ब्रेक चांगला आहे, असं वाटतं. प्रत्यक्षात पॅड संपत आलेला असतो. स्वस्तातल्या कितीतरी पॅडना ही जीभ नसतेच, त्यामुळं ओरडत नाही म्हणजे पॅड शाबूत आहे, असंही म्हणता येत नाही.

पॅडची जाडी घरीच बघता येते. अलॉय व्हील असेल तर त्याच्या फटीतून मोबाइलचा टॉर्च मारा. साध्या लोखंडी रिमच्या गाडीला चाक काढावं लागतं, म्हणून अलाइनमेंटला किंवा पंक्चर काढायला जाल तेव्हा चाक निघाल्याबरोबर स्वतः वाकून बघा. नव्या पॅडचं मटेरिअल साधारण 10 ते 12 मिलिमीटर असतं. ते 3 मिलिमीटरवर आलं, म्हणजे एक रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्याइतकं उरलं, की बदलायचं. ही जाडी मागची लोखंडी पट्टी सोडून मोजायची. घाईत पट्टीसकट मोजली जाते आणि पॅड अजून बराच आहे असं वाटतं.

पॅड पूर्ण संपला की आवाज बदलतो. ‘चीं’ जाऊन ‘खर्र’ येतं, लोखंडावर लोखंड घासल्यासारखं. मग मागची पट्टीच डिस्कला खात असते. आमच्या शाळेतल्या एका सरांनी ही ‘खर्र’ महिनाभर चालवली. त्यांच्या दोन्ही डिस्क बदलाव्या लागल्या आणि बिल पॅडच्या कितीतरी पट झालं. पैशांचं सोडा, तसल्या ब्रेकवर थांबायला जास्त अंतर लागतं आणि ते आपल्याला कळतं ते समोर बैलगाडी आडवी आल्यावर.

घाटानंतर येतो

कन्नडचा घाट, दौलताबादचा घाट, मांजरसुंब्याचा घाट, तुळजापूरचा घाट. आपल्या भागातून कुठंही जायचं म्हटलं की उतार लागतोच. पूर्ण उतारभर ब्रेकवर पाय ठेवून गाडी आणली की पॅड इतके तापतात की त्यांचा वरचा थर कडक आणि काचेसारखा गुळगुळीत होतो. असा पॅड डिस्कला धरत नाही, नुसता वाजतो. पॉलिश पेपरनं घासल्यावर काही दिवस बरं वाटतं ते याचमुळं: वरचा थर निघतो आणि खालचा चांगला भाग लागतो. पण गाडी चालवायची पद्धत तीच राहिली, किंवा माझ्यासारखं तापण्याचं कारण दुसरंच असलं, तर पंधरा दिवसांत थर परत धरतो.

उतरताना साधा नियम आहे. ज्या गिअरमध्ये गाडी घाट चढते, त्याच गिअरमध्ये उतरवायची. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये इंजिन स्वतःच गाडी अडवतं. ब्रेक थोडा वेळ नीट दाबायचा, वेग कमी करायचा आणि पाय पूर्ण उचलायचा. सतत हलका दाबून ठेवायचा नाही. डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करून घाट उतरवणारे अजूनही दिसतात. त्यांना हात जोडून सांगावंसं वाटतं की असं करू नका. इंजिनची सगळी मदत सोडून पूर्ण वजन तुम्ही चार चाकांच्या ब्रेकवर टाकताय.

उतरताना जळका वास आला, पेडल कडक लागूनही गाडी थांबेना, किंवा पेडल स्पंजासारखं मऊ झालं, तर खालचा गिअर टाका आणि पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घ्या. पेडल मऊ होण्याचं कारण ब्रेक ऑइल असतं. ते हवेतलं पाणी शोषतं. डॉट 3 या दर्जाचं ऑइल नवं असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळू नये, असं मानक आहे. पाणी शोषलेल्या ऑइलासाठी तोच आकडा 140 अंशांवर येतो. डॉट 4 मध्ये हे आकडे 230 आणि 155 आहेत. ऑइल उकळलं की नळीत वाफेचे बुडबुडे होतात. आपण पेडल दाबतो तेव्हा ते बुडबुडे दबतात आणि पॅडपर्यंत जोर पोचत नाही. म्हणून ब्रेक ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. सर्व्हिसिंगमध्ये ही गोष्ट सगळ्यात जास्त वेळा राहून जाते. माझ्या गाडीत ते पाच वर्षं तसंच होतं. बाजूला घेतल्यावर अर्धा तास तरी थांबा, चाकांवर पाणी मारू नका आणि उतार असेल तर चाकाच्या पुढं दगड लावा.

माझ्या गाडीत काय निघालं

चाचांनी डावं चाक काढलं आणि पॅड बाहेर काढून माझ्या हातात दिले. आतला दोन मिलिमीटरच्या आसपास, बाहेरचा सातच्या. एकाच दिवशी बसवलेली जोडी. “हे बघा सर, एकच पॅड काम करायलाय. दुसरा नुसता बसून हाय.”

कॅलिपर दोन पिनांवर सरकतो. पिस्टन फक्त आतल्या बाजूला असतो. तो आतला पॅड दाबतो आणि त्याच्याच जोरानं अख्खा कॅलिपर पिनांवर सरकून बाहेरचा पॅडही ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही. आतल्या पॅडवर सगळं ओझं येतं आणि ब्रेक सोडल्यावरही तो डिस्कपासून मोकळा होत नाही. सतत घासत राहतो, तापतो, गुळगुळीत होतो, वाजतो. म्हणजे पहिले दोन्ही उपाय पॅडवर झाले आणि पिनांकडं कुणी बघितलंच नाही.

मग तिसऱ्या वेळी पिनांना ग्रीस लावूनही आवाज परत का आला? चाचांनी पिनेवरचा रबरी बूट बोटांनी दाबून दाखवला. तो फुगून लिबलिबीत झाला होता. लावलेलं ग्रीस बेअरिंगचं, साधं होतं. पेट्रोलियमपासून केलेलं ग्रीस ब्रेकमधल्या रबराला चालत नाही. रबर फुगतं, पिनेला घट्ट धरतं आणि फटीतून पाणी-धूळ आत जाते. तीन महिने गाडी गुळगुळीत चालली आणि मग पिन आधीपेक्षा जास्त जाम झाली. ब्रेकच्या पिनांना सिलिकॉनचं, रबराला चालणारं वेगळं ग्रीस येतं. छोटी पुडी असते, महागही नसते.

नवे बूट, घासून साफ केलेल्या पिना, योग्य ग्रीस, नव्या क्लिपा, शिमसकट नव्या पॅडची जोडी आणि नवं ब्रेक ऑइल. उजव्या बाजूलाही हेच सगळं केलं, कारण पॅड एका चाकाचे कधीच बदलायचे नसतात. डिस्कची जाडी मोजली. किमान किती जाडी चालते ते डिस्कवरच कोरलेलं असतं. आमची त्याच्या वर होती आणि चरे नव्हते, म्हणून ती वाचली. त्याला दोन पावसाळे झाले. गाडी आजपर्यंत वाजली नाही.

तुमच्या गाडीत पिन जाम आहे का, याचा अंदाज घरी घेता येतो. सपाट रस्त्यावर, फार ब्रेक न लावता वीसेक मिनिटं गाडी चालवा आणि थांबल्यावर प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त तापलेलं असेल तर तिथला ब्रेक सुटत नाहीये. त्याच चाकाच्या रिमवर काळी भुकटी जास्त जमते. ब्रेक दाबल्यावर गाडी एका बाजूला ओढते. ॲव्हरेज थोडं कमी होतं. गॅरेजात चाक काढल्यावर मिस्त्रीला एवढंच सांगा: कॅलिपर हातानं आत-बाहेर सरकवून दाखवा. तो हातानं सरकला पाहिजे.

मागून येणारा आवाज

ड्रममध्ये झिजलेल्या लायनरची भुकटी साठते. तिला बाहेर पडायला वाट नसते आणि हळू वेगात किंवा रिव्हर्सला ‘किर्र’ असा आवाज येतो. दहा-पंधरा हजार किलोमीटरला ड्रम उघडून साफ केले की बहुतेक वेळा भागतं. ही भुकटी हवेच्या पाइपानं उडवू देऊ नका. श्वासातून आत जाते, आणि जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉसही असायचं. ओल्या फडक्यानं किंवा ब्रेक क्लीनरनं काढायला सांगा.

ब्रेकशी संबंध न ठेवता वेगाबरोबर वाढणारी ‘घूं’ असेल आणि वळणावर ती कमी-जास्त होत असेल, तर तो बहुधा चाकाचा बेअरिंग आहे. तेही लवकर दाखवायचं काम आहे, पण पॅड बदलून ते जाणार नाही.

हे करू नका

आवाज थांबावा म्हणून डिस्कवर किंवा पॅडवर तेल, ग्रीस, गंज काढायचा स्प्रे काहीही मारू नका. आवाज लगेच थांबतो हे खरं, कारण ब्रेकच धरत नाही. पॅडनं तेल प्यायलं की तो फेकूनच द्यावा लागतो. आमच्या भागात हा उपाय अगदी आपुलकीनं सुचवला जातो, म्हणून इतकं स्पष्ट लिहितोय.

ब्रेक ऑइलची पातळी कमी दिसली तर नुसती भरून गप्प बसू नका. पॅड झिजले की पातळी थोडी उतरते, आणि कुठं गळत असेल तरी उतरते. दोन्हीपैकी काय आहे ते आधी बघून घ्या. टाकताना टाकीच्या झाकणावर लिहिलेलं तेच डॉट ऑइल टाका.

पेडल खाली जात असेल, डॅशबोर्डवर ब्रेकचा लाल दिवा हँडब्रेक सोडूनही जळत असेल, चाकाच्या आत ओलं तेलकट दिसत असेल किंवा लोखंडाची ‘खर्र’ येत असेल, तर गाडी चालवत गॅरेजात नेऊ नका. मिस्त्रीला घरी बोलवा किंवा टोचन करून न्या. पेडल थरथरत असेल तर डिस्क सगळीकडं सारखी जाड राहिलेली नाही. ते त्याच दिवशी थांबवण्याइतकं नाही, पण घाटात जायच्या आधी करून घ्या.

नवे पॅड टाकल्यावर

नवा पॅड आणि डिस्क एकमेकांना बसायला वेळ लागतो. मोकळ्या रस्त्यावर पन्नास-साठच्या वेगावरून दहापर्यंत मध्यम ब्रेकनं या, पूर्ण थांबू नका, परत वेग घ्या. असं आठ-दहा वेळा करा, मध्ये थोडं अंतर नुसती गाडी चालवा. तापलेल्या नव्या पॅडवर ब्रेक दाबून उभं राहायचं नाही. नंतरचे दोन-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक लावायचं टाळा. या काळात थोडा आवाज आला तर चालतो. त्यापुढंही राहिला तर ज्यानं पॅड बसवले त्याच्याकडं परत जा.

जाताना एका कागदावर चार ओळी लिहून न्या: आवाज कोणत्या चाकातून येतो, सकाळी थंड असताना की घाटानंतर, ब्रेक दाबल्यावर की सोडल्यावर, आणि मागच्या वेळी काय बदललं होतं. मी हा कागद आता गाडीच्या कागदपत्रांबरोबर डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतो आणि प्रत्येक कामाची तारीख व किलोमीटर त्यावर टाकतो. चाचांनी तो पहिल्यांदा बघितला तेव्हा चष्मा काढून पूर्ण वाचला आणि मग चाक काढायला घेतलं.